जोत्याची उंची

तंबाखूच्या वखारीच्या भिंतीवर दोन रेघा आहेत.
एक खिळ्यानं ओढलेली, पुढं साल कानडी आकड्यांत.
दुसरी गेरूची, चार बोटं वर, साल आपल्या आकड्यांत.
दोन्ही एकाच हमालाच्या हातच्या म्हणे.
मधल्या काळात त्याचा मुकादम बदलला असणार.

वेदगंगा दोनदा आत येऊन गेली.
पोती नेली, काटा नेला, दिवाणजीची गादी नेली.
तंबाखूचा वास तेवढा तिलाही उचलला नाही.

माझ्या नकाशात दवाखान्याचं जोतं अडीच फूट.
नकाशा चुकीचा नाही.
ज्या कोष्टकावरून तो काढला
त्यातला पाऊस समंजस आहे,
चार महिने बेतानं पडतो, दिवाळीआधी निरोप घेतो.
हल्लीचा तीन दिवसांत सगळा हिशेब मिटवतो
आणि मग काळ्या रानाला अशा भेगा पडतात
की छत्री मुठीपर्यंत आत जाते.
मी घालून बघितली आहे.

रायगोंडा मेस्त्रीनं नकाशाची घडी करून
माझ्याच हातात दिली.
"कागद ऱ्हाऊ द्या बाई.
पाण्याची उंची पाण्यालाच विचारू की वो."

मग त्यानं ती नळी काढली,
पन्नास फुटी, पारदर्शक, जागोजाग पिवळी पडलेली.
शेवंताक्कानं घागरीतून पाणी भरलं,
दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाकलं.
रायगोंडा नळी टिचक्या मारत तपासत गेला,
"बुडबुडा ऱ्हायला की पाणी खोटं बोलतंय."

एक टोक गेरूच्या रेघेला,
दुसरं शेवंताक्काच्या हातात, पिठाच्या गिरणीपाशी.
खाली, अजून खाली, थांब, साकु!
तिथं खडूची खूण.
मग गिरणीपासून विजेच्या खांबाला,
खांबापासून बसव्वाच्या गोठ्याला
(म्हशीनं नळी हुंगली, पाणी हललं, पुन्हा मापलं),
गोठ्यापासून आमच्या मोकळ्या प्लॉटवरच्या खुंटीला.
तो पूर सहा टप्प्यांत आम्ही गावातून चालवत आणला,
लाल, बोटाएवढा जाड, कुणाचं काही न भिजवता.

खुंटीवर तो चार फूट एक इंचाला थांबला.
माझ्या कमरेच्या वर.
माझ्या नकाशातली औषधांची फळी त्याच्या खाली.

"मग चार फूट दोन इंच?" मी विचारलं.
रायगोंडा हसला नाही.
"ही रेघ झालेल्या पाण्याची.
न झालेल्याची कुठं बघायची?"
हे मला शिकवलं होतं, इंग्रजीत, तीन गुणांना.
उत्तर मी तेव्हाही अंदाजानंच लिहिलं होतं.

दीड फूट आणखी चढवू, मी म्हणाले.
शेवंताक्का पाटी खाली ठेवून मोजायला लागली,
बोटांच्या पेरांवर.
"म्हंजे धा पायऱ्या.
कळा सुरू झालेली बाई धा पायऱ्या चढंल?
तुमी चढून बघा पोटाला सिमेटाचं पोतं बांधून."

म्हणून उतार. लांब, वळसा घेणारा,
ज्याला प्लॉटची अर्धी पूर्व बाजू गेली.
म्हणून भरीव जोत्याऐवजी खांब, नि खांबांमधून मोकळी वाट,
पाणी आलं तर त्यानं भिंतीशी भांडत बसू नये,
खालून निघून जावं.
म्हणून पाया फुगणाऱ्या काळीत नाही, तिच्याखाली,
मुरूम लागेपर्यंत.
छतावर पांढरा चुना, एप्रिलसाठी.
खर्च वाढला. फाइल चिक्कोडीला जाऊन परत आली,
पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी नळीच घेऊन गेले
आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.
ते म्हणाले, हे काय? मी म्हणाले, पुरावा.

आता वर फरशीचं काँक्रीट पडलंय,
पाच फूट सात इंचांवर.
बरोबर आहे का, मला माहीत नाही.
एका खांबावर मी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे,
साल न घालता.

रायगोंडानं आज नळी गुंडाळली.
आतलं पाणी फेकलं नाही त्यानं,
एक टोक तोंडाशी धरून फुंकलं
आणि ओल्या काँक्रीटवर सोडलं.
"क्युरिंगला," म्हणाला.
कुंकवाचा फिकट डाग पसरला नि मुरला.
इतक्या उंचीवर चढलेलं
ते पहिलं पाणी.